स्वल्पविरामाच्या धड्यातलं वाक्य

७ मार्च

बारके,

आशीर्वाद-बिशीर्वाद काही नाही, सरळ कामाचं लिहिते. तू शिकवतेस त्या शाळेत या वर्षी एक नवं पुस्तक येईल. निळं कव्हर, वर पेनाचं चित्र. नाव 'नेहमीच्या चुका आणि त्या कशा टाळाव्यात'. आमच्याच छापखान्यात छापलंय. त्यात स्वल्पविरामाच्या धड्यात, पानाच्या खालच्या अंगाला एक वाक्य आहे. ते तुझ्याबद्दल नाही. एवढंच सांगायला हे पत्र.

आता एवढ्यावर तू ते पान आधी उघडशील, हे मला कळतं. लहानपणापासून तुझं तेच. डब्याला हात लावू नको म्हटलं की डबा रिकामा. म्हणून मीच लिहून टाकते, म्हणजे शोधायचे कष्ट नकोत:

माझी बहीण अजून घरी आली नाही, म्हणून मी दार लावत नाही.

जगात बहीण म्हणून काय तू एकटीच नाहीस. दारंही पुष्कळ आहेत.

झालं कसं ते ऐक, नाहीतर भलतंच डोक्यात घेऊन बसशील. माझं काम तुला कधी नीट ठाऊकच नाही. लोकांना तू 'ताई छापखान्यात असते' असं सांगतेस, जसं काही मी यंत्राला तेल घालते. तर वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. छताला काचेची तावदानं, त्यातून दिवसभर दुधासारखा उजेड पडतो. एक टेबल. अलीकडे मी, पलीकडे टिंबकाका. हे त्यांचं खरं नाव नाही. एकदा एक टिंब राहिलं म्हणून त्यांनी चालू यंत्र थांबवलं होतं, तेव्हापासून चिकटलं. माझ्या हातात लेखकाची मूळ प्रत, त्यांच्यापुढे छापलेला कच्चा कागद. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी पेन्सिल ओळीवर ठेवून तपासायचं. नुसते शब्द वाचून भागत नाही. कागदावर जे जे आहे ते ते तोंडाने म्हणायचं. स्वल्पविराम आला की स्वल्पविराम म्हणायचं. पूर्णविराम. अवतरण सुरू, अवतरण बंद. नवा परिच्छेद. हळूहळू त्याला सूर लागतो. मग आवाज आपला आपण चालत राहतो आणि मी काठावर बसल्यासारखी बसून त्याच्याकडे बघते. विहिरी खणण्यावर वाचलंय, दातांवर वाचलंय, बोटींच्या कायद्यावर वाचलंय. अर्थ विचारू नकोस.

कच्च्या कागदावर एखादी ओळ गळालेली असते. ती माझ्या तोंडून आली की काका समासात लिहून घेतात आणि खालचे लोक ती जुळवतात. काकांनी मान वर करून 'हे खरंच आहे का' असं विचारायचं नाही, मी मध्ये थांबायचं नाही. हा आमचा रिवाज. विचारत बसलं तर एक पुस्तक म्हातारं होऊन बाहेर पडेल.

त्या दुपारी खालून यंत्राची घरघर येत होती, टेबल बारीक थरथरत होतं. धडा सगळा सुट्या वाक्यांचा. पाणी तापले, म्हणून झाकण उडाले. शिक्षक आले, म्हणून वर्ग शांत झाला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, कोण कुठले लोक, येतात आणि जातात. माझे डोळे उघडे होते, हवं तर काकांना विचार. पण त्या लोकांच्या रांगेत माझ्या तोंडून हेही गेलं, अगदी सुरात, 'माझी बहीण अजून घरी आली नाही स्वल्पविराम म्हणून मी दार लावत नाही पूर्णविराम'. काकांनी उतरवून घेतलं. मला पत्ता नाही. पुस्तकं बांधून झाली तेव्हा बांधणीवाली मला म्हणाली, "अहो, तुमच्या त्या पुस्तकात एक वाक्य आहे, वाचून माझा हात थांबला." मी म्हटलं, कुठलं? तिने दाखवलं. माझाही थांबला.

तर असं आहे. झोपेत माणूस काहीही बोलतं. त्यात अर्थ काढू नये.

आणि हो, या पत्रात चुका शोधत बसू नकोस. कच्चं मी लिहिलं, काकांना वाचून दाखवलं, पक्कं त्यांनी लिहिलं. हे अक्षर त्यांचं आहे. काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी. फळ्यावर लिहून घ्यायला काही उपयोगाचं नाही.

तुझी ताई


२ एप्रिल

बारके,

तुझं उत्तर आलं नाही. आलं पाहिजे असं मी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे हिशोब बरोबर आहे.

इथे मात्र पत्रांचा पूर आलाय. चुकांच्या पुस्तकात चुका निघाल्या, लोकांना दुसरं काय पाहिजे. रोज टोपली भरते. मालकांनी फर्मावलं की एकूण एक पत्र वाचा, खरी चूक असेल ती दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करा. तेव्हा सकाळचं काम आता हेच. मी पत्र वाचते, काका ऐकतात.

माणसं काय काय लिहितात. एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांना 'आणि' कुणी दीर्घ लिहिला की छातीत कळ येते. कळ कशी येते, कुठून निघते, खांद्यापर्यंत कशी जाते, सगळं लिहिलंय. मी म्हटलं, यांना डॉक्टरांकडे पाठवा. एका औषधवाल्याचं आणि त्याच्या बायकोचं एका वेलांटीवरून बोलणं बंद आहे, तर निकाल द्यावा म्हणतो. त्याच पाकिटात खाली बायकोचं वेगळं पत्र, तिलाही निकाल हवाय. एका बाईने पुस्तकाचं अख्खं पान फाडून पाठवलं, चुकीच्या जागी पडलेल्या टिंबाला टाचणी टोचून, जसा किडा टोचतात. आणि एकाने आम्हाला चार पानं खडसावलंय, त्या चार पानांत इतक्या चुका की काकांना उठून पाणी प्यावं लागलं.

मी काकांना विचारलं, "एवढं काय सलतं हो लोकांना? टिंब पडलं तर पडलं. उचलून ठेवायचं."

काका म्हणाले, "बाई, ज्याच्या घरात काही जागेवर नसतं, त्याला निदान टिंब तरी जागेवर लागतं."

मी म्हटलं, "हे तुम्ही स्वतःबद्दल बोलताय."

"पुढचं पत्र घ्या," म्हणाले.

तुलाही सलतंच. तुझं बरोबर आहे, तू शिकलीस. मला चौथीतून काढलं तेव्हा तू पाळण्यात होतीस, आणि घरात रडणाऱ्याला कुणीतरी उचलायला लागतंच. त्याचं मला काही नाही. वाचायला मी आपली आपण शिकले, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून, रद्दी वाचून. वाचताना मला वेलांटी लख्ख दिसते. लिहायला घेतलं की तीच वेलांटी झुरळासारखी पळते. काय करू, चपलेने मारू?

पण माझी पत्रं तू फळ्यावर उतरवायचीस. 'यातल्या चुका शोधा.' मागच्या सुट्टीत जेवताना तू हसत सांगितलंस, "ताई, तुझ्या पत्रांचा फार उपयोग होतो बघ, पोरं तासभर गुंतून राहतात." मी घास खाली ठेवला. तुला वाटलं भाजीत मीठ जास्त झालं. मी म्हटलं, "यापुढे पत्र त्या पोरांकडूनच लिहून घे." तूही काही कमी नाहीस, तू म्हणालीस, "निदान ती वाचता येतील." झालं. सकाळी उठले तर तू गेलेली. मी गाढ झोपेत होते, मला काही कळलं नाही. दार उघडं टाकून गेलीस, एवढं दिसलं.

हे मी विसरले आहे. विषय निघाला म्हणून लिहिलं.

परवा स्वप्नात ती पुस्तकातली सगळी माणसं आपल्या बाहेरच्या खोलीत बसली होती. झाकण उडालेली किटली घेऊन एक जण, फळा पुसणारे शिक्षक, मोळी वाहणारी म्हातारी. कुणी काही बोलत नव्हतं, सगळी आपापल्या वाक्यात बसलेली. पहिल्या धड्यात एक मुलगा झाडावर चढतो ना, तो शेवटच्या धड्यापर्यंत वरच आहे, त्याला कुणी उतरवतच नाही. मी म्हातारीला विचारलं, त्याची आई कुठल्या पानावर आहे? ती म्हणाली, "आईचं उदाहरण दिलेलं नाही." मग खोलीत उजेड वाढत वाढत गेला आणि मला जाग आली. छापखान्यात दिवसभर मान वर करून छताकडे बघत होते. काचेवर कावळ्याची सावली दिसली तरी वाटायचं, पोर चढलंय.

काका हे लिहिताना हसले. हसू दे. तब्येत बरी आहे.

ताई


१९ मे

बारके,

उत्तर नाहीच. ठीक आहे. टपालखात्याला दोष द्यायची मला सवय नाही.

दाराचं सांगते. हवा दमट झाली आणि ते पुन्हा फुगलं. तुला माहीत आहेच त्याचं, उघडताना फरशीला घासतं, लावताना खालच्या कोपऱ्यात लाथ घातल्याशिवाय चौकटीत बसत नाही. मी नुसतं ओढून घेते. शिलाईवाली शेजारीण दिवसभर ओट्यावर मशीन घेऊन बसलेली असते, तिच्या नजरेतून माशी सुटत नाही, त्यामुळे चोरीची भीती नाही. पण तिच्याच्याने राहवलं नाही, तिने सुतार आणला. तो म्हणाला, "ताई, खालून बोटभर तासतो, लोण्यासारखं फिरेल, आवाज नाही की काही नाही." मी त्याला परत पाठवला. भुसा कोण आवरत बसणार. शेजारीण म्हणाली, "डोकं फिरलंय तुझं." मी म्हटलं, "तू तुझ्या बाह्या शिव."

आता महत्त्वाचं. ते पुस्तक लिहिणारे सर आले होते, दुसऱ्या आवृत्तीचं बोलायला. सर म्हणजे उंच, पांढरेशुभ्र, बोलताना शब्दांना इस्त्री करून करून बाहेर काढतात. पुस्तक चाळता चाळता त्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं. काकांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं, तिला आधीच टोक होतं.

सर म्हणाले, "हे वाक्य मला एका सकाळी फिरताना सुचलं."

मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"लोकांना आवडतं ते," सर म्हणाले. "पण एका मुख्याध्यापकांची तक्रार आहे. दार उघडं ठेवायला मुलांना शिकवू नये, चोऱ्या होतात. त्याऐवजी घालू या, 'पाहुणे आले नाहीत, म्हणून सरबत उरले.' काय वाटतं तुम्हाला?"

मला कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी काकांना विचारलं होतं. पण तोंड माझंच उघडलं. "ते राहू द्या."

"का बरं?"

आता काय सांगू? म्हटलं, "स्वल्पविराम चांगला बसलाय त्यात."

सरांना ते पटलं. विद्वान माणसाला असं काही सांगितलं की पटतं. म्हणाले, बरं, पण त्या वाक्यावर आणखी एक जरी तक्रार आली तरी ते काढायचं. तेव्हापासून मी टोपलीतलं प्रत्येक पाकीट फोडताना आधी उभ्याउभ्या नजर टाकते. दाराचं काही आहे का. चोरीचं काही आहे का. अजून नाही.

गेलं तर गेलं, मला काय. पण एक मनात येतं. माझी पत्रं तू फोडतेस की नाही, देव जाणे. पुस्तक मात्र तुला उघडावंच लागणार, तो धडा शिकवावाच लागणार. तेवढी एक जागा आहे जिथून तू मला टाळून पुढे जाऊ शकत नाहीस. दुसऱ्या आवृत्तीत तिथे सरबत असेल.

ते तुझ्याबद्दल नाहीच म्हणा. मी आधीच लिहिलंय.

ताई

ता. क. हे बाईंनी सांगितलेलं नाही. पक्कं लिहिणारा मी, माझ्या जबाबदारीवर घालतो आहे. आपण मला ओळखत नाही, मी आपल्याला पत्रांतून थोडा ओळखतो. ते वाक्य मूळ प्रतीत नाही, हे मला ऐकताक्षणीच कळलं होतं. मूळ प्रत वाचताना बाईंचा आवाज सपाट असतो. त्या एका वाक्याला तो तसा नव्हता. मान वर करून विचारायचं नाही या रिवाजाच्या आड मी लपलो आणि पेन्सिल चालवली. इतक्या वर्षांत जाणूनबुजून पुढे जाऊ दिलेली माझी ही एकच चूक, आणि तिचं मला वाईट वाटत नाही. दुसरं, सुताराचं. भुशाचं कारण खरं नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "दार तासलं तर घासायचं थांबेल. मग ती आली तर मला आतल्या खोलीत कळणार कसं?" आपण हे वाचलंत तर बाईंना कळू देऊ नये. मला त्यांच्यासमोर बसून काम करायचं आहे.


८ जुलै

बारके,

आज काय झालं ते तुला माहीत आहे, कारण ते तूच केलंस. तरी लिहिते, कारण या बाजूने कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

सकाळी टोपली आली. आज मी उशिरा पोहोचले होते, त्यामुळे आधी नजर टाकायला वेळ मिळाला नाही. काका टेबलाशी बसून होते. मी पाकीट फोडलं आणि तशीच वाचायला लागले, सुरात, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळ्यांसकट. तुझं अक्षर मी ओळखायला हवं होतं. पण तू मोजून मापून शाळेच्या फळ्यावरचं अक्षर काढलं होतंस. तर वाचलं ते असं:

"माननीय प्रकाशक स्वल्पविराम स्वल्पविरामाच्या धड्यात दाराचं एक वाक्य आहे पूर्णविराम त्यात चूक आहे पूर्णविराम व्याकरणाची नाही पूर्णविराम"

काकांची पेन्सिल थांबली. मी म्हटलं, मेलं, आली तक्रार, गेलं वाक्य. आणि वाचत राहिले, थांबायचं नाही ना.

"त्या घराचं दार दमट हवेत फुगतं पूर्णविराम ते लावायचं तर खालच्या कोपऱ्यात लाथ मारावी लागते स्वल्पविराम आणि त्या आवाजाने आत झोपलेलं माणूस दचकून उठतं पूर्णविराम"

इथे मला कळलं. उजेड होता तो तसाच होता, खालचं यंत्र चालू होतं, आणि माझा आवाज माझ्या पुढे पुढे चालला होता, मी मागून धावत होते. थांबले मी. पहिल्यांदा.

काका मान खाली घालून म्हणाले, "वाचा, बाई. थांबायचं नाही."

"म्हणून ती बहीण सकाळी जाताना दार तसंच ठेवून गेली पूर्णविराम रागाने नाही पूर्णविराम ताई दिवसभर बोलून बोलून दमलेली असते स्वल्पविराम तिची झोप मोडू नये म्हणून पूर्णविराम हे पुस्तकात कुठे स्पष्ट होत नाही पूर्णविराम पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी पूर्णविराम आपली स्वल्पविराम एक शिक्षिका पूर्णविराम"

शेवटचा पूर्णविराम तिथे नव्हता. तो मी घातला.

मग काकांनी घसा साफ केला. "तक्रार आली, तेव्हा सरांच्या म्हणण्याप्रमाणे वाक्य काढायला हवं. काय लिहू?"

मी म्हटलं, "काढा."

"सरबत घालू?"

"सरबत नको." मी नाक पुसलं. "ते झाडावरचं पोर खाली घ्या."

काकांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, मला दाखवलं. 'संध्याकाळ झाली, म्हणून मुलगा झाडावरून उतरला.' दुपारी सर आले, त्यांना ते दाखवलं तर म्हणाले, छान, हे मला मागेच सुचलं होतं.

आता तुला. मी त्या पहाटे झोपले नव्हते. तू दार उघडलंस, फरशी घासली, तेव्हाच मला जाग होती. मी पडून ऐकत होते की आता लाथ मारेल, आता मारेल. लाथ आली नाही. मी म्हटलं, एवढा राग, की दारसुद्धा लावून गेली नाही. तेच मी इतके दिवस धरून बसले. तू मात्र प्रकाशकांना अर्ज करतेस. मला दोन ओळी लिहायला तुझा हात मोडला होता का? मी हाक मारली नाही हे मला माहीत आहे. मारायला हवी होती असं काका म्हणतात, पण काकांना कोण विचारतंय.

मागच्या पत्रात काकांनी माझ्या नकळत काही घातलं, असं ते आज कबूल झाले. काय घातलं ते सांगत नाहीत. तू सांगशील. पत्रात नको, पत्रं हल्ली भरवशाची राहिली नाहीत.

सुट्टी कधी आहे तुमच्या शाळेला? ये असं मी म्हणत नाही. दार तासलेलं नाही, एवढं कळवते.

ताई


सोमवार सकाळ, कीटलीखाली

बारके,

हे काकांनि तपासलेल नाहि. तु झोपली आहेस आणी मला कामावर जायच आहे. म्हणुन माझ्या हाताने.

दुध झाकुन ठेवल आहे. साखर वरच्या फळीवर, तुझा हात पोचत नसेल तर स्टुल घे. शेजारिण येइल डोकवायला, तिला जास्त काहि सांगु नको, संध्याकाळ पर्यंत गल्लिभर होइल.

काल संध्याकाळी फरशी घासल्याचा आवाज आला तेव्हा मि आतल्या खोलीत होते. मला आधी स्वप्नच वाटल. पुस्तकातल कोणीतरि आल अस वाटल. मग तु म्हणालिस, ताई, बॅग जड आहे, बघत काय बसलीस. पुस्तकातली माणस अस बोलत नाहित.

रात्रि तु सांगीतलस ते मला लगेच पटल नव्हत. कि पोर चुका काढायची आणी मग विचारायची, पुढे काय झाल, त्या मांजरिचि पिल्ल वाचली का, शेजारणिच भांडण मिटल का, पुढच पत्र कधी येणार. मि म्हटल, हे तेव्हाच सांगायला तोंड नव्हत का. तु म्हणालिस, तु बोलु दिलस का. आता पटल आहे. वाटेत विचार करिन त्यावर. पिल्ल वाचली आहेत, त्यांना सांग.

हे पत्र फळ्यावर लिहल तरि चालेल. चुका भरपुर आहेत, तासभर पुरतील.

आता नीघताना दाराशी उभी राहीले. पाय उचलला होता. मग तुझ्या तोंडावर उजेड पडला होता तो बघीतला, आणी पाय खालि ठेवला. स्वल्पविराम तेवढा मला येतो, तो बरोबर घालते.

माझी बहिण झोपलि आहे, म्हणुन मि दार लावत नाहि.

ताई